निविदेतला ‘अनुभव’ कोणाचा?

आमच्या टीकाकारांनी कविता वाचल्या, कथा वाचल्या, आत्मकथने वाचली. ज्या कागदाने आमच्या माणसाच्या पोटाचा निर्णय होतो तो कागद मात्र कोणी वाङ्मय म्हणून वाचला नाही. मी तो वाचण्याचा प्रयत्न येथे करणार आहे. तो कागद म्हणजे सरकारी कामाची निविदा. ती रुक्ष असते हे मला मान्य आहे. पण मनुस्मृतीही काही ललित वाङ्मय नव्हती.

निमित्त साधे घडले. मी भोंगवलीचा, भोर तालुक्याच्या पूर्व अंगाला राहणारा, आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस. आमच्या ओळखीचा एक तरुण गवंडी एका संध्याकाळी छापील कागदांची चळत घेऊन आला. दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावी दलित वस्तीत सिमेंट काँक्रीटचा रस्ता व्हावयाचा होता, त्याची ती निविदा. गड्याने शिरवळपासून खेड-शिवापूरपर्यंत कारखान्यांचे पाये, गोदामांच्या फरशा, सोसायट्यांचे रस्ते घातलेले. त्याला ते काम स्वतःच्या नावावर घ्यावयाचे होते. मी चष्मा लावला आणि आम्ही दोघे पान पान वाचत गेलो. अटींच्या पानावर तो थांबला.

“गुरुजी, हितं म्हणत्यात अनुभव पायजे.”

“आहे की तुला. चौदा वर्षांचा.”

“तसला न्हाय. गेल्या वर्षांत असंच काम पुरं केल्याचा साहेबाच्या सहीचा दाखला. माझ्याकडं नुसतं हात हायती.”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. त्याच्यासारख्यांच्या हातांनी केलेल्या प्रत्येक रस्त्याचा दाखला निघालेला आहे. तो दुसऱ्याच्या नावावर निघाला आहे. हाताचा अनुभव कागदावर चढताना मालक बदलतो. या लेखात मला सांगावयाचे आहे ते एवढेच. बाकीचे सारे त्याचा विस्तार आहे.

निविदेची भाषा नीट पाहावी. तिच्यात ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे दोन शब्द वारंवार येतात. हा शब्द आमच्या ओळखीचा आहे. दान कोणाला द्यावे याची चर्चा करताना धर्मशास्त्राने हाच शब्द वापरला आणि पात्रता कोणाच्या घरी जन्माला येते हेही सांगून टाकले. निविदेतले पात्र जन्म विचारीत नाही. हा फरक मोठा आहे आणि तो मी नाकारीत नाही. ती विचारते बयाणा रक्कम, सुरक्षा ठेव, ऐपतीचा दाखला, तीन वर्षांची उलाढाल, मिक्सर-व्हायब्रेटर मालकीचे असल्याचा पुरावा, पूर्ण केलेल्या समान कामाचा दाखला. यांतली प्रत्येक गोष्ट वेगळी घेतली तर रास्त वाटते. सरकारचा पैसा बुडू नये, अर्धवट काम टाकून कोणी पळू नये, यासाठीच त्या अटी आहेत. पण त्या सगळ्या एकत्र वाचल्या की एका माणसाचे चित्र उभे राहते. त्याच्या बापाकडे जमीन होती, ती बँकेने तारण घेतली, चुलता आधीपासून ठेकेदार होता, त्याच्या हाताखाली पहिला दाखला मिळाला. निविदा जातीचे नाव घेत नाही. ती फक्त जातीने दिलेल्या वस्तू मागते.

जुन्या व्यवस्थेत निविदा नव्हती. गावाची कामे कोणी करावयाची हे जन्माने ठरलेले होते. चावडीची राखण, सांगावा पोचवणे, मेलेले ढोर ओढणे ही महाराची ‘निवड’ कायमची झालेली होती. तीत स्पर्धा नव्हती, मुदत नव्हती आणि राजीनामाही नव्हता. मोबदला बलुत्याचा आणि वतनाच्या तुकड्याचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच बांधिलकीची गाठ सोडवण्यासाठी. भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले, कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. त्यानंतर गावचे काम ‘वतन’ राहिले नाही. ते ‘टेंडर’ झाले. ही प्रगतीच आहे. बंद लिफाफ्यातला दर कोणाची सावली पाहून ठरत नाही. म्हणून निविदा नको असे मी म्हणणार नाही. निविदा तिच्या स्वतःच्या शब्दाला जागावी, एवढेच माझे मागणे आहे.

आमच्या परंपरेत ठेकेदार हा केवळ खलनायक नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. भोंगवलीहून पुण्याला जाताना कात्रजचा जुना घाट लागतो. त्या बोगद्याच्या कामात महात्मा फुल्यांचा हात होता असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ‘पुना कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’शी ते संबंधित होते, खडकवासल्याचे धरण, येरवड्याचा पूल या कामांशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. सत्यशोधक समाजाला मुंबईच्या तेलुगू ठेकेदारांनी पैशाचे बळ दिले. म्हणजे महाराष्ट्रातल्या पहिल्या मोठ्या परिवर्तनाच्या चळवळीला ठेकेदारीच्या पैशाचाही आधार होता. आणि याच फुल्यांनी ‘गुलामगिरी’च्या अखेरीस जोडलेल्या पद्यांत इंजिनियर खात्यातील कारभाराचा पंचनामा केला. कागद कोण लिहितो, मोजमाप कोण घेतो, बिल कोठे अडते हे त्यांनी आतून पाहिले होते. खाते पाहिलेला माणूसच खात्यावर असे लिहू शकतो.

बाबासाहेबांनीही हा प्रश्न सोडलेला नव्हता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात कायदेमंडळ, नोकऱ्या, शिक्षण यांबरोबर सरकारी कंत्राटांचाही मुद्दा होता. नोकरीचा भाग आम्ही पाठ केला, शिक्षणाचा भाग आम्ही जगलो. कंत्राटाचा भाग आमच्या चर्चेतून गळाला. त्याचे कारण उघड आहे. नोकरीला परीक्षा होती आणि परीक्षेला पुस्तक पुरत होते. कंत्राटाला भांडवल लागते आणि ते वाचनालयात मिळत नाही.

आता आजच्या सुधारणांकडे येऊ. गेली काही वर्षे सरकार ठेकेदार निवडण्याची पद्धत सोपी, जलद आणि स्वच्छ करण्याचे प्रयोग करीत आहे. केंद्राने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘जेम’ ही सरकारी बाजारपेठ संगणकावर उघडली. महाराष्ट्राने १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची नियमपुस्तिका नव्याने बांधली. मोठ्या कामांना ई-निविदा सक्तीची झाली. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आणखी एक पाऊल टाकले. सर्वांत कमी दर हाच एक निकष न ठेवता काही कामांत गुणवत्तेलाही गुण द्यावेत, मात्र तो भार ३० टक्क्यांहून अधिक नसावा, असे सांगितले.

या सुधारणांचे श्रेय मी देतो. ई-निविदा येण्यापूर्वी कचेरीच्या दारात ठेकेदारांची माणसे उभी राहत आणि पेटीत लिफाफा टाकू देत नसत. ‘रिंग’ करून काम आपसांत वाटून घेतले जाई. संगणकाने निदान दारातली माणसे हटवली. परंतु दार हटले का? आमच्या गवंड्याला कोणी धक्का मारला नाही, शिवी दिली नाही. त्याच्या कामासाठी संकेतस्थळ रात्री बारालाही उघडे होते. तो अडला तो अटीच्या ओळीवर. आणि ती ओळ लिफाफ्याच्या काळात होती तशीच संगणकावर चढली आहे. गुणवत्तेला गुण देण्याची कल्पना चांगली. पण गुणवत्ता मोजताना पुन्हा मागील कामे आणि उलाढाल हेच पुढे येत असेल, तर आधी जे पात्र होते त्यांनाच गुण अधिक मिळतात.

महाराष्ट्रात याहून जुना एक प्रयोग आहे. छोटी बांधकामे वाटताना सुशिक्षित बेरोजगार अभियंते ३३ टक्के, मजूर सहकारी संस्था ३३ टक्के आणि खुली निविदा ३४ टक्के अशी वाटणी ठरवली गेली; टक्केवारीत पुढे फेरफार झाले. यातल्या मजूर संस्थेची कल्पना मला या साऱ्यांत क्रांतिकारक वाटते. राबणाऱ्यांनीच एकत्र येऊन काम घ्यावे, नफा आपसांत वाटावा, मधला माणूस जावा! पण व्यवहारात काय झाले? अनेक संस्थांत सभासद म्हणून कागदावर मजूर आणि खुर्चीत मात्र फावडे कधी न धरलेली माणसे, अशी स्थिती झाली. बोगस मजुरांचा प्रश्न वर्तमानपत्रांत गाजला. पद्धत सोपी होती म्हणूनच ती बळकावणेही सोपे गेले. आणि या वाटणीत जात हा निकष नव्हता हेही नोंदवले पाहिजे. बेरोजगार अभियंता कोणत्या घरचा, हे कोणी विचारले नाही.

‘सोपी पद्धत’ या शब्दाला भुलू नये, हे शिकवणारे खरे उदाहरण शहरातल्या सफाईचे आहे. ‘हैदराबाद पॅटर्न’ म्हणून एक रीत गाजली. रस्त्यांची ठरावीक एकके पाडायची, एककाला ठरावीक मजूर आणि ठरावीक दर लावायचा, आणि ठेकेदार चिठ्ठ्या टाकून निवडायचा. निवड म्हणून पाहिले तर यापरते सोपे काय? दराची चढाओढ नाही, वशिला नाही, भल्यामोठ्या ऐपतीची गरज नाही. हीच रीत मुंबईत आली तेव्हा झाडू मारणाऱ्या माणसाला ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले आणि त्याच्या मजुरीला मानधन. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा त्या काळी वीस किंवा अधिक मजुरांना लागू होई. गट त्याहून लहान ठेवले की कायदा दाराबाहेर. त्या गटांत माणसे कोण होती? बहुसंख्य आपलीच, मराठवाड्याच्या दुष्काळाने मुंबईत आणून टाकलेली, बौद्ध आणि मातंग. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढून दाखवले की हे ठेके म्हणजे मुखवटा आहेत, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २,७०० कामगारांना कायम करण्याचा हक्क टिकला. म्हणजे निवडीची पद्धत सोपी होते तेव्हा कोणासाठी सोपी होते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. सरकारसाठी सोपी, ठेकेदारासाठी सोपी, आणि तिसऱ्याच्या गळ्याला फास, असेही होऊ शकते.

गटारात उतरणाऱ्याच्या बाबतीत तर हा फास शब्दशः आहे. २०१३ च्या कायद्याने गटार व सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईस बंदी केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. तरी माणसे मरतात, आणि मेल्यावर कचेरी ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार पेटी ठेकेदाराकडे. केंद्राने ‘नमस्ते’ योजनेखाली २०२४ पर्यंत नोंदलेल्या गटार व सेप्टिक टाकी कामगारांत सुमारे दोन तृतीयांश अनुसूचित जातींचे निघाले. या कामात आमच्या ‘अनुभवा’बद्दल कोणालाही शंका नाही. येथे दाखला कोणी मागत नाही.

मग उपाय काय? केंद्राच्या २०१२ च्या आदेशाने सूक्ष्म व लघु उद्योगांकडून सरकारी खरेदीचा वाटा ठरवला; २०१८ च्या सुधारणेने तो २५ टक्के झाला. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आहेत. बयाणाही माफ आहे. पण ४ टक्क्यांचे ते उद्दिष्ट वर्षानुवर्षे अपुरेच राहिले, आणि मुख्य म्हणजे बांधकामाचे ठेके या धोरणात येतच नाहीत. माल आणि सेवा येतात. रस्ता, गटार, समाजमंदिर येत नाही. जे काम आमच्या माणसाला येते नेमके तेच वगळलेले! कर्नाटकाने मात्र बांधकामातच हात घातला. ५० लाखांपर्यंतच्या कामांत अनुसूचित जातींना १७.१५ टक्के आणि जमातींना ६.९५ टक्के वाटा कायद्याने दिला आणि २०२३ साली ती मर्यादा एक कोटीवर नेली. दक्षिण आफ्रिकेने वर्णद्वेषी राजवट गेल्यावर २००० साली कायदा करून निविदेच्या १०० गुणांपैकी लहान कामांत ८० दराला आणि २० इतिहासाने डावललेल्यांना प्राधान्य देण्यासाठी ठेवले. मध्य प्रदेशात २००२ च्या भोपाळ जाहीरनाम्यानंतर सरकारी खरेदीत दलित पुरवठादारांचा विचार सुरू झाला. म्हणजे हे अशक्य नाही. इच्छेचा प्रश्न आहे.

येथे मला आपल्यांशीही थोडे भांडावयाचे आहे. वाटा मिळाला की प्रश्न सुटला, असे मानणारा एक वर्ग आमच्यात तयार झाला आहे. परवाना आपल्या माणसाच्या नावावर, भांडवल आणि हुकूम दुसऱ्याचा, हा प्रकार आरक्षित सरपंचपदात आपण पुरता पाहिला आहे. आणि समजा ठेकेदार खरोखरच आपला निघाला, घरात बाबासाहेबांची तसबीर लावणारा निघाला, आणि त्याने आपल्याच वस्तीतल्या बाईला किमान वेतनाहून कमी रोज दिला, तर त्याला मुक्ती म्हणायचे काय? मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांचा वारसा ठेकेदाराच्या नफ्यावर संपत नाही. सरकारी ठेक्यात मजुरांच्या रास्त वेतनाचे कलम असावे असा आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा ९४ वा करार १९४९ सालचा आहे. भारताने तो मान्य केलेला नाही. आपल्या चळवळीनेही त्याची मागणी कधी मोठ्याने केली नाही.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात जी रोजगार हमी उभी केली आणि १९७७ साली जिचा कायदा केला, तिच्यात ठेकेदाराला जागाच नव्हती. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही ती मनाई ठेवली. हजेरीपटात गोंधळ झाले, मापात चोरी झाली, हे खरे. तरी खडी फोडणारी बाई आणि सरकार यांच्यामध्ये कोणी तिसरा नसेल, हे तत्त्व एका राज्याने मान्य केले होते. ठेकेदार कसा निवडावा यावर ग्रंथ लिहिणाऱ्यांनी कधीतरी ठेकेदार हवाच का, असेही विचारावे.

मला कोणतीही मोठी योजना सुचवावयाची नाही. एका तालुक्यात प्रयोग करावा. भोरमध्येच करावा. दलित वस्तीतली लहान कामे निवडावीत. पूर्ण केलेल्या कामाच्या दाखल्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला राबल्याचा अनुभव मोजावा: हजेरीपट, भविष्य निर्वाह निधीची नोंद, ज्याच्या हाताखाली काम केले त्याचे पत्र, आणि शेवटी अभियंत्यासमोर चार फूट काँक्रीट घालून दाखवणे. बयाणा माफ करावा. सामानासाठी आगाऊ रक्कम द्यावी आणि बिल ठरल्या दिवशी काढावे, कारण गरीब ठेकेदार दरात बुडत नाही, अडकलेल्या बिलात बुडतो. मजुरांचा रोज करारात आकड्याने लिहावा आणि तो थेट त्यांच्या खात्यात जावा. न गेल्यास बिल थांबावे. मग प्रयोगाचा निकाल उघड मांडावा. पहिल्यांदाच काम घेणारे किती आले? मजुरांना किती रोज पडला? आणि दोन पावसाळ्यांनंतर रस्ता कसा आहे? आमच्याकडे पूर्वेला पाऊस बेताचा. पण तालुक्याच्या पश्चिमेला, वेळवंड-हिर्डोशीच्या खोऱ्यात, पाऊस कोणाचा वशिला ऐकत नाही. त्याच्यापेक्षा नि:पक्षपाती परीक्षक सरकारला मिळणार नाही. हा प्रयोग फसला तर फसला म्हणून लिहावे. आजवरच्या पद्धतीचा निकाल तरी कोणी कोठे लिहिला आहे?

आमच्या साहित्याबद्दलही एक शब्द. ‘बलुतं’ या एका शब्दाने १९७८ साली एका अख्ख्या व्यवस्थेचे नाव मराठी वाचकाच्या तोंडी बसवले. बलुत्याची जागा ज्या कागदाने घेतली त्याचे असे नाव अजून पडलेले नाही. तरुण लेखकांनी कचेरीत जावे, निविदा वाचावी, मोजमाप पुस्तक पाहावे. तेथेही आपलेच आत्मकथन पडून आहे, दुसऱ्याच्या सहीने.

त्या गवंड्याचे काय झाले, हे वाचक विचारतील. त्याने निविदा भरली नाही. ज्याला काम मिळाले त्याने ते पेटी ठेकेदाराला दिले, आणि पेटी ठेकेदाराने चांगला गवंडी म्हणून यालाच बोलावले. महिनाभर तो तेथे रोजाने गेला. रस्ता चांगला झाला आहे असे तो सांगतो. काम संपल्यावर कडेला फलक लागला: कामाचे नाव, रक्कम, ठेकेदाराचे नाव. फलकाचे दोन खांब पुरण्याचे कामही त्याच्याकडेच होते.

पुढच्या निविदेला आता दाखला तयार आहे. तो त्याच्या नावावर नाही.